आभाळाला ठिगळ

शिरूर कासारच्या एप्रिलमधल्या उन्हात जुनी गाडी उभी केली की तिचं आभाळ खाली येतं. छताच्या कापडामागचा स्पंज वर्षानुवर्षं भाजून त्याचं पीठ होतं आणि कापड मांडवाच्या झालरीसारखं पाहुण्यांच्या टकलावर झुलतं.

आमचा पहिला उपचार टाचण्यांचा. त्या पहिल्याच खड्ड्यात मांडीवर. दुसरा, झटपट गोंदाची नळी. हा गोंद वाळून काचेसारखा कडक होतो; त्यानं चिकटवलेली दाराची पट्टी उन्हात फुगते, रात्री आकसते, जोड कटकन सुटतो. खरी रीत चपला शिवणाऱ्यालाही ठाऊक आहे: जुना स्पंज ब्रशनं खरवडायचा, सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईतो दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग मधून कडेकडे दाबत जायचं. थांबणं तेवढं जमत नाही. आम्ही पुढाऱ्यांसारखे ओल्यातच चिकटतो आणि आचारसंहिता संपायच्या आत सुटतो.

दाराच्या पॅनेलची प्लॅस्टिकची क्लिप तुटली तर चार-दोन रुपयांची नवी क्लिप आणत नाही, आरपार स्क्रू मारतो. तो काचेच्या वायरीत घुसला की काच वर जायची बंद. (वारा फुकट!)

तरी एमएच-23 ची पाटी ऐटीत असते. 15 वर्षांनी फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला, पुढची 5 वर्षं पदरात. आभाळाचा रकाना त्या अर्जात नाही.

सासरेबुवा मागच्या सीटवर बसले की एका हातानं छत धरतात. परवा विचारत होते, ‘‘जावईबापू, खांब कधी लावताय?’’