मोठी माय कशी आठवावी : नवशिक्यांसाठी

घरातली सगळ्यांत थोरली बाई गेली की तेराव्यापर्यंत कोणाला काही शिकवावं लागत नाही. घाटावर काय करायचं ते गुरुजी सांगतात, पिठलं-भाकरी भावकी आणून देते, मंडपवाल्याला फोन कोणी केला हेही कळत नाही. अडचण चौदाव्या दिवशी सुरू होते. आता बाईला आठवायचं काम घरच्यांवर येतं आणि त्याचा अनुभव कोणालाच नसतो, कारण आजवर आठवणींचं सगळं खातं तिच्याचकडे होतं. कोणाची सोयरीक कुठं मोडली, कोणत्या भाच्याला आहेरात काय दिलं, कोणत्या म्हशीला कितवं वेत, सगळं तिला पाठ. बाकीचे नुसते विचारणारे.

खालील सूचना नांदेड-लातूर भागातल्या कुटुंबांसाठी आहेत. इतर जिल्ह्यांनी चवीप्रमाणे फेरफार करावेत.

साहित्य : एक फोटो, एक जन्मतारीख, एक नाव, आणि एकमेकांशी न पटणाऱ्या किमान दोन शाखा, एक नांदेडची नि एक लातूरची. शेवटचा जिन्नस बहुतेक घरांत तयारच असतो.

फोटो

तो एकच सापडेल, आधार कार्डावरचा किंवा श्रावणबाळ योजनेच्या अर्जावरचा. त्यात मोठी माय कॅमेऱ्याकडे अशी बघत असेल की ऑपरेटरने तिची जमीन दाबली आहे. फ्लेक्सवाला हा फोटो घेईल, मागे ढग आणि धबधबा लावील, रंग दोन छटा उजळ करील आणि कपाळावरचं, हनुवटीवरचं हिरवं गोंदण डाग समजून पुसून टाकील. ढग चालतील. धबधब्याला लातूरकरांनी हसू नये. गोंदण मात्र पुसू देऊ नका. ते जत्रेत रडत-ओरडत गोंदून घेतलेलं असतं आणि तिच्या अंगावरचा तो एकच दागिना कधी गहाण पडला नाही.

जन्मतारीख

इथे नवशिके घसरतात. आधारवर १ जानेवारी असेल. तो मोठ्या मायचा नव्हे, संगणकाचा वाढदिवस आहे. जे शाळेत गेले त्यांना गुरुजींनी १ जून दिला. जी गेलीच नाही तिच्या वाट्याला जानेवारी आला. म्हणून तिने स्वतः काय सांगितलं होतं ते गोळा करा. थोरल्या नातवाला ती म्हणाली असेल, “रझाकाराच्या टायमाला मी रांगत होते.” म्हणजे जन्म १९४७च्या आसपास. धाकट्या नातीला म्हणाली असेल, “उमरीची बँक लुटली तवा मी भाकरी बडवीत होते.” उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली जानेवारी १९४८मध्ये. रांगणारं पोर भाकरी बडवत नाही. या दोन वाक्यांत नऊ-दहा वर्षांचं अंतर आहे आणि दोन्ही तिचीच आहेत. निवाडा करण्याआधी पहिलं वाक्य कोणत्या निमित्ताने निघालं आणि दुसरं कोणत्या, ते विचारा. सोयरीक जुळवताना बाई लहान असते आणि निराधार पेन्शनच्या रांगेत थोरली. वय हे अर्जावर अवलंबून असतं, हे तिला तलाठ्याच्या आधी कळलं होतं.

ट्रंकेच्या तळाशी उर्दूतला एखादा कागद निघाला आणि कोणी वाचून त्यावर १३५७ साल आहे असं सांगितलं, तर आपलं घराणं बहमनी काळातलं आहे असं लगेच गावभर करू नका. तो निजामाच्या अमलातला फसली सन आहे. त्यात ५९० मिळवा. १९४७ येईल, आणि वाद पुन्हा होता तिथेच येईल.

जन्मस्थळाचा रकाना याहून वाईट. समजा ती उदगीरकडची. जन्मली तेव्हा गाव निजामाच्या राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर तेच गाव भारताच्या हैदराबाद राज्यात आलं. नोव्हेंबर १९५६मध्ये ते मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेलं, १ मे १९६०ला महाराष्ट्रात, आणि ऑगस्ट १९८२मध्ये लातूर जिल्ह्यात. एवढा प्रवास तिने उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता केला. तिला विचारलं असतं तर तिने फक्त शिवारातल्या विहिरीचं नाव सांगितलं असतं, आणि रकान्यात तेच लिहावं असं माझं मत आहे.

नाव

हा जिन्नस वरवर सोपा वाटतो. पत्रिकेवर ‘गं. भा.’ लावून जे नाव छापलं ते सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं तिला दुसऱ्याच नावाने हाका मारत होते. ते नाव घरातल्या एकाही पुरुषाला माहीत नसेल. त्यांना विचारून वेळ घालवू नका. ते “माय होतं की नाव” असं म्हणतील. माहेरी जा. माहेर नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ-भैंसा बाजूचं असेल तर ते १९५६मध्ये आदिलाबादेत गेलं, आता तेलंगणात आहे; सोबत तेलुगू येणारं कोणी असू द्या. तिथे एखादा म्हातारा भाऊ खाटेवर बसलेला असेल. तो नाव सांगील. ते धोंडाबाई निघालं तर लाजू नका, आधीची लेकरं जगत नव्हती म्हणून ठेवलेलं असतं. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत ते छापाच. थोरले काका नको म्हणतील. छापून झाल्यावर त्यांना सांगा.

जाहिरात

‘एकमत’मध्ये द्यायची की ‘प्रजावाणी’त, हे शाखांवर सोपवा, दोन्हींत देऊन भांडण मिटतं. मजकुराची काळजी घ्या. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक हे चार शब्द छापखान्यात जुळवलेलेच असतात. चाचणी अशी : मजकुरात शेजारणीचं नाव घालून वाचा. तरीही बसला तर खोडा. शेजारीणही कष्टाळूच होती, आणि मोठ्या मायचं तिच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं.

त्याऐवजी काय लिहावं याचे नमुने देतो. ‘गंजगोलाईला फुटणाऱ्या सोळाही रस्त्यांवरचा कोणता दुकानदार मापात मारतो हे त्यांना माहीत होतं.’ ‘सोनाराकडे जाताना सुनांना बाहेर उभं करत.’ ‘बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या भाकरी थापल्या; नंतर ताटात तांबडी ज्वारी दिसली की ताट सरकवत.’ ‘किल्लारीच्या भूकंपानंतर त्या पावसाळा सोडून घरात झोपल्या नाहीत.’ यातलं एकही वाक्य शेजारणीला बसत नाही. खाली ‘शोकाकुल’ म्हणून जी यादी येते तीत लेकी-सुनांची नावं घातली तर जागा कमी पडेल असं जाहिरातवाला सांगील. धबधबा काढा म्हणावं.

काळ

मोठ्या मायला इसवी सन लागत नव्हता, म्हणून तिचं चरित्र सनावळीने लिहू नका. तिच्याकडे रझाकार, बाहत्तर आणि किल्लारी असे तीन खांब होते आणि बाकी सगळं त्यांना बांधलेलं. मधला मुलगा ‘खडीवर असताना’ झाला. थोरल्या नातीचं लग्न ‘भूकंपाच्या आदल्या साली’. किल्लारीचा धक्का ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास बसला, गणपती बुडवून लोक नुकते निजले होते. पण हे तुम्ही पुस्तकातून सांगता. आपण आधी कोणत्या लेकराला उचललं आणि कोणतं विसरलो, हे ती सांगत असे. विसरलेलं लेकरू आज चाळिशीला टेकलं आहे आणि अजून तो विषय काढतं. त्याचं म्हणणं आधी टिपून घ्या.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा सगळा देश बघत होता. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा बार्शी लाइटच्या छोट्या गाडीचा जुना रस्ता, तिने पंढरीला जाताना केलेला. रेल्वेने पाणी आल्याचं सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली हे ज्याला आठवतं त्याला जेवायला बोलवा. भांडी राखेने घासून अर्ध्या बादलीत विसळणाऱ्या बाईचं त्या गाडीबद्दलचं मत अग्रलेखांपेक्षा बरं असणार.

ओव्या

जात्यावरच्या ओव्या तिला येत होत्या, हे सगळे सांगतील. म्हणून दाखवा म्हटलं की सगळ्यांना कामं आठवतील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारणींच्या नावगावासकट. तुमच्या घरच्या त्यात नसतील तर आता एकच वाट आहे. जातं अंगणात उलटं पडलं आहे, त्यावर तुळस ठेवली आहे. ते सरळ करा, एखाद्या म्हाताऱ्या आत्याला समोर बसवा, खुंटा तिच्या हातात द्या. नुसतं बसून आठवत नाही. हात फिरायला लागला की दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला तोंड उघडतं. पहिल्या ओव्या भावाच्या असतील, नंतरच्या सासूच्या. सासूच्या आल्या की सुनांना आत पाठवू नका.

येळवस

आठवण्याचा मुख्य दिवस वर्षश्राद्धाचा नाही. तो मार्गशीर्षातल्या अमावास्येचा. त्या दिवशी लातुरात बाजार ओस पडतो, कचेऱ्या बंद असतात आणि माणसं शेतात कडब्याच्या कोपीपुढे जेवत असतात. नांदेडच्या शाखेने रजा टाकून यावं. भज्जी करा : तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मिळेल तो पाला, वर बेसन. आंबील आदल्या दिवशी मडक्यात लावा, ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण ठेचून. प्रमाण विचारू नका. ती ‘अंदाजानं’ म्हणायची आणि तो अंदाज सोबत घेऊन गेली. चव जमणार नाही. नांदेडचे म्हणतील लसूण कमी, लातूरचे म्हणतील ताकच गोड. हे भांडण तोडू नका. तिच्या हाताच्या चवीचं एवढं बारीक वर्णन करायला दुसरं कोणतंही निमित्त यांना भाग पाडणार नाही. शक्य असल्यास मोबाइल ज्वारीच्या ताटांआड चालू ठेवा.

शेवटची सूचना

घरात अजून एक बाई आहे जिला हे सगळं माहीत आहे आणि जिला कोणी विचारलेलं नाही. मोठ्या मायची धाकटी जाऊ. ती मागच्या खोलीत असते. तिच्याकडे दुपारी जा, पान-सुपारी न्या. “आठवणी सांग” म्हणू नका, ती “मला काय आठवतंय” म्हणून तोंड फिरवील. “तुमची वाटणी कशी झाली?” असं विचारा. मग ती सुरू होईल : थोरलीने पितळेचा हंडा कसा ठेवून घेतला, बाळंतपणात तूप कसं मोजून वाढलं, पंढरीला जाताना आपल्याला कसं घरी ठेवलं, आणि मुलगा तापाने फणफणला तेव्हा तीच थोरली रात्रीची गाडी जुंपून त्याला उदगीरला कशी घेऊन गेली, आणि परत आल्यावर पुन्हा हंड्यावरून कशी भांडली. मध्ये बोलू नका. बॅटरी पूर्ण भरून न्या, कारण हंड्याचा विषय दोनदा येईल आणि दुसऱ्यांदा त्यात नवीन माहिती असेल.