‘उद्यापासून बंद’वाल्यांना टपरीवाल्याचं खुलं पत्र

आमच्या तमाम मानकरी गिऱ्हाइकांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही सिगारेट सोडणार असल्याचं टपरीवर रोज कानावर येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला होता. आता येत नाही. ‘आतून प्रेरणा यायला पाहिजे यार, जबरदस्तीनं नाही होत,’ असं म्हणत तुम्ही दोरीला टांगलेला लायटर जवळ ओढता आणि माझा जीव भांड्यात पडतो. प्रेरणेइतकी धंद्याला लाभलेली चीज दुसरी नाही. ती येईपर्यंत गिऱ्हाईक जागचं हलत नाही.

शिवाय तिला मुहूर्त लागतो. १ जानेवारी हुकली की पाडवा, पाडवा हुकला की वाढदिवस, मग पोरीची दहावी होऊन जाऊ दे. बजेटात भाव वाढला की ‘आता बासच’ म्हणत सरकारला शिव्या घालता, आणि त्या रागात एक जास्त ओढता.

बरं, तुम्हाला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. गटारी दणक्यात करून तुमच्यातले कित्येक जण श्रावणभर इकडे फिरकत नाहीत. दिवाळीत सासुरवाडीला गेलात की चार दिवस सासऱ्यांसमोर सज्जन असता. अमेरिकेतल्या लेकाकडे जाताना पंधरा-सोळा तास विमानात बसता, तेव्हा हवाई सुंदरीकडे कुणी प्रेरणा मागितल्याचं ऐकलं नाही. तिथं ओढता येत नाही, एवढं कारण पुरतं. कृपा करून या गोष्टीवर फार विचार करू नका.

तुमच्यात एक डॉक्टरसाहेब आहेत. पेशंटला समजावून आले की इथं उभे राहून झुरक्याझुरक्यानं मला शिकवतात. म्हणाले, निकोटीन दहाएक सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरलं की जीव कासावीस. तुम्हाला वाटतं हे साहेबामुळे, टार्गेटमुळे. खाली येऊन एक ओढली की गार. म्हणजे आधीच्या सिगारेटनं लावलेली तलफ पुढची भागवणार, आणि पैसे दोन्हींचे मला! याला तुम्ही ‘टेन्शनवरचं औषध’ म्हणता, तेव्हा मी मुद्दाम काउंटर पुसत बसतो. ती तलफ म्हणे काही मिनिटांत आपोआप ओसरते, ओढा की न ओढा. पण तुमच्या लिफ्टपासून माझी टपरी तेवढीही लांब नाही.

‘आता पन्नाशी आली, आता सोडून काय उपयोग?’ हाही तुमचा लाडका सवाल. डॉक्टरसाहेब सांगतात, ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं खुद्द डॉक्टरांचाच हिशेब ठेवला होता. सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची जवळजवळ ती सगळी दहा वर्षं वाचली, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीतसुद्धा तीन. एवढं सांगून त्यांनी दुसरी शिलगावली. असं गिऱ्हाईक देवानं सगळ्यांना द्यावं.

त्यांची एकच गोष्ट मला झोंबली. ब्रिटनमध्येच २००६ साली छापून आलं की, सिगारेट सोडायचे जवळपास निम्मे प्रयत्न काहीही न ठरवता झालेले होते, आणि ठरवून केलेल्यांपेक्षा तेच जास्त टिकले. हे मी टपरीवर बसूनही पाहिलंय. तारीख जाहीर करणारे, व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकणारे, ‘ही शेवटची’ म्हणून दोस्ताला फोटो काढायला लावणारे, सगळे माझे आहेत, कुठं जात नाहीत. गेले ते गुपचूप. समोरच्या बँकेतले एक साहेब एका मंगळवारी आले, चहा घेतला, सवयीनं हात लायटरकडे गेला, तो त्यांनी खिशात घातला आणि सुट्टे पैसे काढून ठेवले. भाषण नाही, शपथ नाही. अजूनही चहाला येतात. सुरुवातीला शेजारच्या मेडिकलमधून निकोटीनचं च्युइंगम घेऊन चघळायचे, आता तेही नाही. अशा माणसाचं धंद्यानं करायचं काय?

तुम्ही मात्र तसं करू नका. ‘पाकीट नको, एकच दे’ म्हणत राहा. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण ‘एकच’ मागणारा स्वतःला सिगारेट ओढणाऱ्यांत धरत नाही, आणि ‘एकच, एकच’ करत दिवसाकाठी डबा रिकामा होतो. शिवाय पाकिटाच्या दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेवर छापलेलं ते अंगावर काटा आणणारं चित्र सुट्टी घेणाऱ्याला बघावं लागत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की, प्रेरणेची वाट बघा. घाई करू नका. ती आली की निरोप घ्यायला टपरीवरच या. तिची वाट बघत इतकी वर्षं थांबलेलं एकही गिऱ्हाईक मला अजून सोडून गेलेलं नाही.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला नम्र,
गेटासमोरचा टपरीवाला

ता. क. : त्या चित्राखाली २०१८ पासून सरकारनं एक नंबरही छापला आहे. सोडायला मदत करतात, फोनचे पैसे पडत नाहीत. सुट्टी घेणाऱ्यांना तो दिसत नाही, म्हणून इथं देतो, म्हणजे चुकून लागायला नको : १८००-११-२३५६.