पसंतीक्रम दहा, नापसंती अकरावी

२०२५ च्या दहावीत राज्यातल्या २११ जणांना शंभर टक्के मिळाले आणि मुलुंडच्या ८९ टक्केवाल्या घरात सुतक पडलं. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम दहा. त्यातले नऊ मामा-मावश्यांनी भरलेले. पहिल्या यादीत रुईया हुकलं, दुसरीत वझे-केळकर. उरलं घराजवळचं अनुदानित कॉलेज. शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी माफक. नेमकी हीच पंचाईत! एवढ्या स्वस्त कॉलेजचं नाव सोसायटीत सांगायचं कोणत्या तोंडाने? शेवटी तोडगा निघाला. प्रवेश तिथेच घेतला आणि वाचलेल्या फीत कर्जाची भर घालून घाटकोपरचा लाखभराचा क्लास लावला. आता कुणी कॉलेज विचारलं, की आई क्लासचं नाव सांगते. समोरचाही समाधानाने मान डोलावतो. त्याच्या मुलीचं कॉलेजही तेच आहे.