मुहूर्तकाका

कोजागरीच्या दुधाचा पेला हातात घेऊन कुणी म्हणालं, "घर विकतोय, मुलाकडे नॉर्थ कॅरोलायनाला चाललोय," की पुरुष घर कितीला गेलं ते विचारतात आणि बायका सून कशी आहे ते. मुहूर्तकाका विचारतात, "प्लॅनवाल्यांना कळवलंत?" समोरचा गोंधळून "कसला प्लॅन?" म्हणतो आणि काका आपला पेला खाली ठेवतात. काकांनी पेला खाली ठेवला की जाणकार मंडळी हळूच स्वयंपाकघराकडे सरकतात.

न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात असा एक काका असतो. पंच्याहत्तरी ओलांडलेली, जन्म इंजिनीअरकीत गेलेला, अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर आणि शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला कागद. पासष्टीपुढच्या अमेरिकनांचा सरकारी आरोग्य विमा, म्हणजे मेडिकेअर, हा त्यांचा विषय. त्यातल्या सरधोपट भागात मात्र त्यांना काडीचा रस नाही. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या दिवसांत कुणालाही प्लॅन बदलता येतो, नवा प्लॅन १ जानेवारीला लागू होतो, हे टीव्हीवर म्हातारे झालेले फुटबॉलपटूही ओरडून सांगतात. काकांची विद्या उरलेल्या दिवसांची. लग्नसराई सरल्यावर अडलेल्या वधूपित्याला गुरुजी एखादा काढीव मुहूर्त शोधून देतात, तसा काका भर उन्हाळ्यात प्लॅन बदलण्याचा योग काढून देतात. सरकारी भाषेत त्याला स्पेशल एनरोलमेंट पीरियड म्हणतात. काकांचं नाव त्यावरूनच पडलं आणि ते त्यांना मनापासून आवडतं.

अट एकच. तुमच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. एकदा एक बाई कळवळून म्हणाल्या, "काका, अगदी टुकार प्लॅन आहे हो. दातांचं सगळं देऊ म्हणाले आणि माझा डेंटिस्टच त्यांच्या यादीत नाही." काकांनी डोळे मिटले. "वहिनी, ही तक्रार झाली. मला घटना सांगा." बाईंकडे घटना नव्हती, नुसता पश्चात्ताप होता, आणि मेडिकेअरच्या नियमांत पश्चात्तापाला रकाना नाही. काकांनी तरी शेवटचा प्रश्न विचारून घेतला, "एजंटाने खोटं सांगून गळ्यात मारला का?" तसं असेल तर मेडिकेअरला फोन करून गाऱ्हाणं मांडता येतं, प्रकरण पाहून ते सवलत देतात. पण एजंट बिचारा बाईंच्या सख्ख्या भाचीचा नवरा निघाला. विषय तिथेच मिटला.

घटना असली की काका फुलतात. घर बदललं आणि जुना प्लॅन नव्या गावी चालत नसला, तर योग आला. आधी कळवून जूनमध्ये हललात तर खिडकी मे महिन्यातच उघडते आणि ऑगस्ट संपेपर्यंत उघडी राहते. हलून झाल्यावर कळवलंत तर कळवाल तो महिना आणि पुढचे दोन पूर्ण महिने. त्यामुळे काकांना तुमच्या नव्या घराच्या बेडरूमांशी देणंघेणं नसतं, त्यांना झिप कोड हवा असतो. आमच्या एका स्नेह्यांची नोकरी सहासष्टाव्या वर्षी गेली, तेव्हा सगळे हळहळत असताना काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान झालं! कंपनीचा विमा गेला ना? पार्ट बी-ला, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाला, आठ महिने आहेत तुमच्याकडे. पार्ट सी आणि डी-ला, म्हणजे खासगी प्लॅनला आणि औषधांना, मात्र दोनच, तिथे झोपू नका." स्नेही अजून नोकरीच्या धक्क्यातून सावरले नव्हते. त्यांच्या पत्नीने काकांकडे जे पाहिलं, ते काकांना दिसलंच नाही.

पुण्याला जाऊन-येऊन राहणाऱ्यांवर काकांची खास नजर. मेडिकेअर अमेरिकेबाहेर सहसा काही देत नाही. "कोथरूडमध्ये पाय मोडला तर मेडिकेअरच्या दृष्टीने तो मोडलेलाच नाही," असं ते बजावतात. त्यातून तुमचा प्लॅन खासगी कंपनीचा, म्हणजे मेडिकेअर अॅडव्हांटेज असेल आणि सहा महिन्यांहून जास्त काळ सलग बाहेर राहिलात, तर बहुतेक प्लॅन नाव काढून टाकतात. म्हणून काकांना अर्ध्या एडिसन गावाची परतीची तिकिटं तोंडपाठ. "लेकीचं बाळंतपण दहा दिवस लांबलंय," असं पुण्याहून कुणी कळवलं की काका बाळाचं वजन विचारत नाहीत, बोटांवर महिने मोजतात. कायमचं म्हणून भारतात गेलेलं जोडपं कंटाळून परत आलं, तर विमानतळावर हार घेऊन जाणाऱ्यांत काकाही असतात. परदेशातून पुन्हा राहायला आलेल्यांनाही दोन महिने मिळतात, हे सांगायला.

एकदा भजनानंतर मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "काका, आमचं घर तेच, नोकरी नाही, परदेशी राहत नाही. आम्हाला काही मार्ग?" काकांनी घडीचा कागद उलगडला, चष्मा वर केला आणि पूर्ण गांभीर्याने म्हणाले, "तुरुंगातून सुटलात तर मिळेल." नियम खरा आहे, सुटकेनंतर दोन महिने मिळतात. पण ज्या वर्षी मंडळाचा हिशेब सर्वसाधारण सभेत अडला होता, त्या वर्षी तो सांगायला नको होता.

हे वेड आलं कुठून? काका ते 'एका गृहस्थांची' गोष्ट म्हणून सांगतात, काकू सरळ 'ह्यांची' म्हणून सांगतात. काका सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. कंपनीचाच विमा स्वतःच्या खिशातून पैसे भरून अठरा महिने चालू ठेवायची सोय अमेरिकेत आहे, तिला कोब्रा म्हणतात. काकांनी ती घेतली आणि निर्धास्त झाले. पण पार्ट बी-चे आठ महिने नोकरी संपल्यापासून मोजतात, कोब्रा संपल्यापासून नाही. कोब्रा सरल्यावर काका ऐटीत सरकारी कचेरीत गेले, तर खिडकीवरच्या मुलीने गोड हसून जानेवारीत यायला सांगितलं. जानेवारी ते मार्च ही चुकलेल्यांची मुदत. शिवाय उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि तो दंड मेडिकेअर आहे तोवर, म्हणजे मरेपर्यंत. २०२५ साली पार्ट बी-चा नेहमीचा हप्ता १८५ डॉलर होता, त्यावर काकांचे साडेअठरा. दर महिन्याला ते कापले गेले की काका एक सुस्कारा सोडतात आणि त्या दिवशी कुणाला तरी फोन करतात.

मला त्यांचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. अॅडव्हांटेजमधून मूळ मेडिकेअरमध्ये परतायला जानेवारी ते मार्चमध्येही जागा असते, हे सांगून बरेच जण मोकळे होतात. काका तिथे आवाज खाली आणतात. मूळ मेडिकेअरमध्ये परतता येईल, पण वरचा खर्च भरून काढणारा मेडिगॅप विमा न्यू जर्सीत मग तब्येत विचारू शकतो, नाहीही म्हणू शकतो. तब्येत न विचारता तो मिळण्याची हक्काची वेळ म्हणजे पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे सहा महिने. पहिल्यांदाच अॅडव्हांटेज घेतलं असेल तर बारा महिन्यांत हक्काने मागे फिरता येतं. हे सांगताना ते विनोद करत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला मधुमेह आहे हे त्यांना आधीच माहीत असतं.

१९६५ च्या ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड एक्याऐंशी वर्षांच्या हॅरी ट्रूमनना दिलं. काकांना ट्रूमनचा हेवा वाटतो. पार्ट सी नाही, २००६ साली आलेला पार्ट डी नाही, तारांकित प्लॅन नाहीत. दर्जाचे पाच सरकारी तारे मिळालेल्या प्लॅनमध्ये ८ डिसेंबर ते पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत एकदा जाता येतं, म्हणून दर ऑक्टोबरला काका ताऱ्यांची यादी पाहतात. आपल्या कौंटीत पाच तारे दिसले नाहीत की खट्टू होतात. स्वतःला मात्र त्यांना कुठेच जायचं नाही. तेच घर, तीच काकू, तोच विमा. दुसऱ्यांना इतके योग काढून देणाऱ्या या माणसाच्या आयुष्यात इतक्या वर्षांत सरकारमान्य अशी एकही घटना घडलेली नाही.

कौंटीत 'शिप' नावाची सरकारी सल्लासेवा आहे, तिथले स्वयंसेवक हेच सगळं फुकट आणि कमी वेळात सांगतात. काकांना ते आवडत नाही, तरी तिचा नंबर काकाच देतात. तुम्ही निवृत्त होणार असाल, घर बदलणार असाल, तर दोघांनाही विचारा. काकांना फोन करायचा तर १५ ऑक्टोबरच्या आत करा, त्यानंतर ७ डिसेंबरपर्यंत त्यांची लाइन लागत नाही.