मुहूर्त आणि मिलिसेकंद

हल्ली लग्न ठरलं की कार्यालयाच्याही आधी शूटिंगवाल्याची तारीख धरतात. आमच्या पुतण्याच्या लग्नात तर त्याचा मान वरमाईच्याही वर होता. त्याने मान डोलावल्यावर अंतरपाट दूर झाला. हार नवरानवरीने दोनदा घातले, कारण पहिल्या वेळी ड्रोन पुरेसा वर पोचला नव्हता. एवढं करून महिनाभराने त्याने दादाच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, ‘‘फोर के आहे, काका.’’ उरलेलं बिल दादाने त्या दोन शब्दांवरच चुकतं केलं.

दादाच्या टीव्हीने पेनड्राइव्हला ओळखच दाखवली नाही. त्याचाही इलाज नव्हता. बरेच जुने टीव्ही फॅट-३२ या पद्धतीने मांडलेला पेनड्राइव्हच वाचतात आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीच्या वर जाऊ शकत नाही. हे लग्न चार जीबीत बसवायचं तर वऱ्हाडच निम्मं न्यायला हवं होतं. तेव्हा दादा, वहिनी, आत्या आणि आहेरातली साडी न आवडलेली इतर मंडळी आमच्याकडे संगणकासमोर जमली. हिने पोहे टाकले.

फाइल सुरू झाली. आवाज खणखणीत. चित्रात मात्र कार्यालयाच्या दाराशी गाडीतून उतरणारा पुतण्या एक पाय जमिनीवर आणि एक पाय गाडीत, असा थबकला. सनई पुढे निघून गेली. आवाजात मंगलाष्टकं झाली, भटजींचं शेवटचं ‘सावधान’ झालं, टाळ्या पडल्या, ताशा कडाडला. नवरदेवाचा दुसरा पाय अजून गाडीतच. मग एकाएकी पडद्यावर राखाडी डाग पसरले आणि त्यांतून भटजींचं उपरणं आणि वहिनींची नथ एकाच देहावर प्रकट झाली.

‘‘ही कुणाकडची?’’ आत्याने विचारलं.

संगणक अडला की सल्ला द्यायला संगणक यावा लागत नाही. शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ‘‘व्होल्टेज कमी आहे,’’ ते म्हणाले. काकांच्या मते देशातल्या निम्म्या अडचणी व्होल्टेजच्या आहेत आणि उरलेल्या अर्थिंगच्या. हिचं निदान वेगळं. ‘‘डेस्कटॉपवर एवढा पसारा असल्यावर दुसरं काय होणार?’’ हेच निदान ती माझ्या कपाटाबद्दल, बॅगेबद्दल आणि एकंदर आयुष्याबद्दलही करते. दादाने पेनड्राइव्ह काढून त्यावर फुंकर मारली आणि परत लावला. आत्या म्हणाली, ‘‘दृष्ट लागली. एवढं देखणं लग्न!’’ वहिनी मीठमोहऱ्या शोधायला उठल्या, तेव्हा मी घाईघाईने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. ‘‘फॉरमॅट मारावं लागेल, साहेब,’’ त्याने दुखणं पुरतं ऐकायच्या आतच सांगितलं. त्याच्याकडे माऊस हलला नाही तरी फॉरमॅट आणि फार हलला तरी फॉरमॅट.

शेवटी भाच्याला व्हिडिओ कॉल केला. तो पुण्यात संगणकाचंच काम करतो, म्हणून घरात त्याचं कुणी ऐकत नाही.

‘‘मामा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब.’’

टास्क मॅनेजर उघडला. सीपीयूपुढे आकडा होता १००.

‘‘आता प्लेअरमध्ये कंट्रोल-जे दाब आणि काय लिहिलंय ते वाच.’’

मी वाचलं. एचईव्हीसी, ३८४० × २१६०. भाचा हसला. ‘‘तुझा डबा हे ओढणार नाही.’’

मग त्याने हिशेब मांडला. फोर केच्या एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे वीस कोटींहून जास्त ठिपके. हे सगळं आहे तसं साठवायचं तर एका तासाला दोन हजार जीबीही पुरणार नाहीत. म्हणून व्हिडिओ आवळून ठेवतात. २००३ साली त्यासाठी एच.२६४ ही पद्धत आली. २०१३ साली एचईव्हीसी आली, ती तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. पण जितकं घट्ट आवळाल तितकं उलगडायला अवघड. त्या कामासाठी प्रोसेसरमध्ये वेगळं सर्किट असावं लागतं. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत एचईव्हीसीचं सर्किट आलं ते २०१५ च्या सहाव्या पिढीपासून, आणि आमचा प्रोसेसर त्याआधीचा. घरात पुरणयंत्र नाही, पंगत दोनशे पानांची, आणि एकटी बाई पाट्यावर पुरण वाटते आहे, अशी त्याची गत झाली होती. डब्यातला पंखा एवढा का घोंघावतो, ते मला तेव्हा कळलं.

‘‘मग आवाज कसा नीट येतो?’’ दादाने संशयाने विचारलं.

तर प्लेअर आवाजालाच घड्याळ मानतो. डोळा एखादं चित्र गळलं तरी चालवून घेतो, कानाला खंड खपत नाही. म्हणून आवाज थांबत नाही आणि चित्रांनी त्याला गाठायचं असतं. प्रत्येक चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद. तेवढ्यात तयार झालं नाही, तर ‘चित्राला दाखवण्याच्या पलीकडे उशीर झाला’ अशी नोंद करून प्लेअर ते टाकून देतो. किती मिलिसेकंद उशीर, तेही लिहून ठेवतो. मामांचा फेटा सापडत नव्हता म्हणून ज्या लग्नात १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त सव्वा वाजता लागला, त्या लग्नाला आता ही शिस्त!

‘‘मामा, मॉनिटर कितीचा आहे?’’

मॉनिटर १३६६ × ७६८ चा. म्हणजे साडेदहा लाखांच्या आत ठिपके. बिचारा प्रोसेसर पंखा फुटेस्तोवर त्र्याऐंशी लाख ठिपके मांडणार आणि हा मॉनिटर त्यांतल्या आठातले सात सोडून देणार. ‘‘फाइल एच.२६४ मध्ये फुल एचडी करून घे,’’ भाचा म्हणाला. ‘‘तुझ्या पडद्यावर फरक कळायचा नाही.’’

मी हा ठराव सभेपुढे मांडला. दादा उसळलाच. ‘‘फोर केचे पैसे मोजलेत मी. कमी करून कशाला बघायचं?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘विहीणबाईंकडे फोर केच लागतं.’’ काकांनी स्टॅबिलायझर सुचवला. सभा पुढच्या रविवारवर गेली.

त्या रात्री सगळे निजल्यावर मी हँडब्रेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याच्या चिन्हात चक्क अननस आहे. फाइल त्याच्या हवाली करून झोपलो. काम तेच होतं, आवळलेलं उलगडायचं आणि वर पुन्हा नव्याने आवळायचं. पण मागे ४० मिलिसेकंदांचा तगादा नव्हता. त्यामुळे डब्याने कुठेही न अडता, सरकारी शांततेत, दुसऱ्या दिवशी दुपारी ते संपवलं.

रविवारी मंडळी पुन्हा जमली. पेनड्राइव्ह मी सगळ्यांसमोर लावला आणि फाइल हार्ड डिस्कवरची उघडली. नवरदेवाने दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. मंगलाष्टकांशी भटजींचे ओठ जुळले. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘बघ! शेवटी फोर के ते फोर के.’’ काका म्हणाले, ‘‘आज व्होल्टेज बरं आहे.’’ हिने मधल्या वारी डेस्कटॉप आवरला होता, तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी दृष्ट काढली होतीच. भाच्याला श्रेय द्यायला कुणाकडेच शिल्लक उरलं नाही.

सगळं स्पष्ट दिसू लागलं. अक्षता टाकायच्या सोडून मोबाइल बघणारे मामा दिसले. दादाने भाषणात ‘अगदी सख्ख्या भावासारखे’ म्हटलेले व्याही त्या वेळी जांभई देताना दिसले. मग पंगत आली, आणि ड्रोनवाल्याने आपली सगळी कला पणाला लावून, आत्या इकडेतिकडे बघत रुमालात जिलब्या बांधत होती, तिथे कॅमेरा नेला. जिलबीचा पाक रुमालातून झिरपतानाही दिसत होता.

आत्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. ‘‘काय रे, हे त्या दिवशीसारखं जरा अडकवता येतं का?’’