इतर छंद (असल्यास)

आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात रक्तगट आणि पालकाची सही यांच्या मधल्या जागेत एक रकाना होता : इतर छंद (असल्यास). जातीचा दाखला नसला तर अर्ज अडायचा, उत्पन्नाचा नसला तर फी अडायची. छंद नसला तर कुणाचंच काही अडत नसे. त्यामुळे तो रकाना मोठ्या खटल्याच्या घरातल्या धाकट्या आत्यासारखा होता. त्याला कुणी काही विचारत नसे, पण तो नसता तर घर ओळखू आलं नसतं.

बीड जिल्ह्यातल्या त्या महाविद्यालयात मी मराठी शिकवत असे आणि दर जूनमध्ये प्रवेश समितीचं काम हमखास माझ्या गळ्यात पडे. मराठीच्या माणसाला जूनमध्ये दुसरं काय काम असणार, असं स्टाफरूमचं एकमत होतं. बाहेर मृग लांबलेला, आत पंख्याखाली अर्जांचे गठ्ठे फडफडताहेत, आणि मी चहाचा कप पेपरवेट म्हणून ठेवून तेवढा एक रकाना वाचतो आहे. गुण बघायला बाकीचे होते. मला गुणांपेक्षा पोरं आपल्याबद्दल काय थापा मारतात याची उत्सुकता जास्त.

सगळा तालुका वाचन करत होता, अर्जावर तरी. वाचन, क्रिकेट, पोस्टाची तिकिटे जमवणे. ज्या गावात टपाल एक दिवसाआड यायचं, आणि आलंच तर बँकेचं नाहीतर कोर्टाचं, त्या गावची पोरं तिकिटं जमवत होती. शाळेत कधीतरी 'माझा आवडता छंद' हा निबंध गाईडातून पाठ केलेला असे, आणि ज्याने तो गाईडातला निबंध लिहिला त्या अनाम गृहस्थाला तिकिटांचा नाद असावा. एका माणसाची आवड अशी पिढ्यान् पिढ्या मराठवाडाभर पसरली. पुढे अर्ज संगणकावर गेले आणि तिकिटं मागे पडली. आता बसस्टँडसमोरच्या ऑनलाइन सेवावाल्याच्या दुकानात रांग लागे. तो स्क्रीनवरची नजर न हलवता विचारी, "मुलगा का मुलगी?" मुलगा असला की वाचन, क्रिकेट. मुलगी असली की वाचन, रांगोळी. कॉपी, पेस्ट, पुढचा. त्या एका माणसाच्या दोन बोटांत शेकडो पोरांचं व्यक्तिमत्त्व होतं. ब्रह्मदेवालाही कपाळावर लिहायला याहून जास्त वेळ लागत असणार.

पण मधूनच एखादा हाताने भरलेला अर्ज यायचा आणि दिवस साजरा व्हायचा. पाटोद्याकडच्या एका मुलाने लिहिलं होतं : छंद – मोर हाकलणे. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. बाहेरून येणारी माणसं गळ्यात दुर्बीण अडकवून तिथे पहाटे ताटकळतात. सांस्कृतिक विभागाच्या प्रमुखांना वाटलं, पोरगा 'निरीक्षण' लिहायला चुकला. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "नाही सर, हाकलणंच. पेरलेलं सगळं उकरून खातेत." मग त्याने मोर कोणत्या बांधावरून येतात, आधी लांडोर येऊन कशी अंदाज घेते, एकाला हाकललं की दुसरा कुठल्या बाजूने उतरतो, ढग आले की आवाजात काय फरक पडतो, हे इतक्या बारकाईने सांगितलं की आमचे प्राणिशास्त्राचे सर खुर्ची पुढे ओढून बसले. राष्ट्रीय पक्ष्यावर इतकं मन लावून रागावलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तो राग होता का नाद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली. पोराची आवड मी त्या रकान्यात शोधणं सोडलं आणि बाकीचा अर्ज चाळू लागलो. आमच्याकडे आवड बहुधा तिच्या नावाच्या रकान्यात सापडतच नाही. ती भलतीकडे जाऊन बसलेली असते.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचंच बघा. शाळा सहा किलोमीटरवर, गाडीघोड्याची सोय नाही, म्हणून तो कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर फौजेत, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहून आला, आणि शर्यतीचं धावणं त्यानंतर सुरू झालं. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदकवाला केनियाचा धावपटू त्याच्यापुढे सेकंदाच्या फक्त पाच शतांशांनी होता. पुढच्याच वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आलं. सतराव्या वर्षी साबळेने आमच्याकडे अर्ज केला असता तर 'छंद'पुढे काय आलं असतं? वाचन, क्रिकेट, दुकानदाराची कृपा. खरं उत्तर दोन ओळी वर होतं, 'घरापासून शाळेचे अंतर' या रकान्यात. तिथे तो मुकाट्याने 6 किमी असं लिहून मोकळा झाला असता, आणि आम्ही बसपासच्या फायलीला तो कागद टाचून टाकला असता.

दासोपंतांना तर असला रकाना द्यायलाच नको होता. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ, आणि अंबाजोगाई हे त्यांचं मुक्कामाचं गाव. गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा लिहिला, तरी हात थांबेना. मग पंचीकरणाचा विषय समजावून सांगायला त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सुमारे 40 फूट लांबीच्या खादीच्या पासोडीवर लिहून काढला. त्यांच्या अर्जावर 'जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी' अशी सूचना छापलेली असती तर आमच्या हेडक्लार्कने राजीनामा दिला असता. अर्ज घडी घालून फायलीत ठेवायचा असतो. दासोपंतांचा अर्ज दोघांनी दोन टोकांना धरून बाहेरच्या कंपाउंडवर वाळत घालावा लागला असता.

छंदाखाली आणखी एक प्रश्न असे : आयुष्यातील ध्येय. इथे मात्र पोरं हात आखडता घेत नसत. डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करणे, हे ध्येय बी.ए.ला प्रवेश घेणारेही लिहीत. सतराव्या वर्षी माणसाची मतं एवढी पक्की असतात की पुढे तेवढी पक्की घरंसुद्धा बांधून होत नाहीत. हुंडा घेणार नाही. मुंबईला राहणार नाही. पुढाऱ्याच्या गाडीत बसणार नाही. यातली पहिली दोन किती टिकली मला ठाऊक नाही. तिसरीचं काय झालं ते मी निवडणुकीच्या दिवसांत स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पण हसून सोडून द्यावं तर अंबाजोगाईचाच रस्ता अडवतो. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे त्या स्वामी रामानंद तीर्थांनी, म्हणजे व्यंकटेश खेडगीकर या सोलापुरात शिकणाऱ्या मुलाने, 1 ऑगस्ट 1920 ला, टिळक गेले त्या दिवशी, ब्रह्मचारी राहून देशाचं काम करण्याची शपथ घेतली. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा; सतरावं पुरं व्हायला दोन महिने बाकी होते. घरच्यांनी म्हटलं असेल, वय आहे, चार दिवसांनी उतरेल. ते उतरलं नाही. 1935 मध्ये हे गृहस्थ संन्यासी मुख्याध्यापक होऊन तेव्हाच्या मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत आले, आणि तिथून पुढे हैदराबादच्या निजामाशी त्यांची जी गाठ पडली ती 17 सप्टेंबर 1948 पर्यंत सुटली नाही. आता त्यांच्याच नावाच्या कॉलेजात जागा मिळावी म्हणून आमची पोरं लातूरला खोल्या करून नीटच्या पुस्तकांत डोकं घालून बसतात. त्यांच्यातल्या कुणाला ही तारीख विचारली तर तो आधी विचारील, पेपरात येते का?

शपथा अजूनही घेतल्या जातात, फक्त त्यांना सभा लागत नाही. एका वर्षी एका मुलाने छंदाचा रकाना कोरा ठेवला आणि अर्जाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं : मी उसाचा रस पीत नाही. पालकाचा व्यवसाय – ऊसतोड मजुरी. आमच्या जिल्ह्यात हे लिहिणारे इतके की तो रकाना आम्ही जवळजवळ वाचतच नसू. दिवाळी उरकली की टोळ्या निघतात, नवराबायकोचा मिळून एक कोयता, उचल आधीच घेऊन खर्चलेली, आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत पुढचे पाच-सहा महिने. पोरं बरोबर जातात किंवा आजीपाशी राहतात. हा आजीपाशी राहिलेला. मी विचारलं, "रसाने काही त्रास होतो का रे?"

"नाही सर."

"मग?"

"ठरवलंय."

याहून जास्त तो बोलला नाही आणि मीही खोदलं नाही. आमच्या गेटसमोरच एक रसवंती होती. मे महिन्यात चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज थेट वर्गात यायचा आणि केशवसुतांवरचं लक्ष उडवायचा. हा तिथे मित्रांबरोबर नेहमी असे. सगळ्यांची दप्तरं मांडीवर घेऊन बाकावर बसायचा, ग्लास रिकामे झाले की उचलून परत द्यायचा, कुणी बर्फ टाकून मागितला तर त्याची थट्टाही करायचा. स्वतः माठातलं पाणी. रसवंतीवाल्यालाही ते सवयीचं झालं होतं. तो त्याच्यापुढे नुसता मिठाची डबी सरकवायचा, आणि हा चिमूटभर मीठ जिभेवर टाकून मान डोलवायचा. इकडे ऑफिसात मात्र पेच पडला होता. छंदांची वर्गवारी विद्यापीठाला कळवायची असे आणि क्लार्क अर्ज घेऊन माझ्यापुढे उभा. "हे कशात धरू सर? खेळात का सांस्कृतिकात?" बराच खल झाला. शेवटी त्याला एन.एस.एस.मध्ये घेतलं.

वाणिज्य शाखेला आलेली एक मुलगी होती, तिने छंद लिहिला होता बेरीज. ती फडावर गेलेली. संध्याकाळी वाढ्यांच्या पेंढ्या विकायच्या आणि किती गेल्या ते वहीत मांडायचं, हे तिचं काम. मांडता मांडता तिने एकदा मुकादमाने सांगितलेला उचलीचा आकडाही मांडून पाहिला. तो जुळेना. "पुन्हा मांडला," ती म्हणाली, "तरी जुळंना. मंग मला झोपच येईना." बरोबर आलेला बाप संकोचून हसत होता. "लहानपणापासून नाद हाय तिला," तो म्हणाला. घरात कुणाला तपकिरीचा असावा तशा सुरात. मुकादमापुढे ती वही ठेवली गेली का, हे त्याने सांगितलं नाही. पोरीने मात्र फीची पावती जागेवर उभं राहूनच तपासली.

आता छंदाचे दिवस बदललेत. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आहेत, आणि खेळ, कला, समाजसेवा यांना श्रेयांक. नादाला गुण मिळू लागले की नाद हजेरीपटावर येतो. त्याचं मला फारसं अप्रूप नाही आणि तक्रारही नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची मुलगी एका दूरच्या विद्यापीठाचा अर्ज भरत होती. त्यांना पाचशे शब्द हवे होते : तुमच्या आवडी, तुमची मतं, तुम्हाला घडवणाऱ्या गोष्टी. ती म्हणाली, "आजोबा, मला तर काहीच घडवलं नाही. मी आपली तशीच झाले." हे एकच वाक्य पाठव, असं मी सुचवलं. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. मग आठ दिवस खपून तिने आजीच्या गोधड्यांवर लिहिलं. कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, आणि सुनेशी अबोला असलेल्या वर्षी आजीने टाके कसे दाट घातले ते. छान लिहिलं होतं. अपलोड करायला आम्ही बसस्टँडसमोर गेलो.

दुकानदार आता डोक्याने विरळ झालाय, बोटं मात्र तीच. त्याने मजकूर वरखाली सरकवून पाहिला. "एवढं लांब? मी टाकतो ना ताई, वाचन, रांगोळी."

"नको दादा. हाय तसं जाऊ द्या." आणि मग पोरीला काय वाटलं कोण जाणे, तिने विचारलं, "तुमचा छंद काय हो दादा?"

तो थांबला. इतक्या वर्षांत त्या बाजूने हा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्याने आधी दारातल्या रांगेकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "फॉन्ट."

आणि त्याने एक फोल्डर उघडलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दशक्रियेची पत्रकं, सप्त्याच्या जाहिराती, सगळं तोच करायचा. त्यातून मराठी अक्षरांच्या तऱ्हा जमवायचा नाद जडलेला. वाढदिवसाचा फॉन्ट दशक्रियेला चालत नाही, हे तो आम्हाला पटवून देऊ लागला. कोणत्या गावाला जाड अक्षर लागतं, कोणत्या भाऊंचं नाव बारीक वेलांटीत लिहिलं तर कार्यकर्ते दुकानावर चालून येतात, आणि कीर्तनकार महाराजांच्या नावाला थोडी गोलाई का हवी. पाचशे शब्द त्याने कधीच ओलांडले होते. मागे सातबाऱ्यासाठी उभे असलेले एक काका खेकसले, "आरं, माझं काढतो का जाऊ?"

"दोन मिनिटं काका," तो मान न वळवता म्हणाला. "हा एक बघू द्या ह्यांना. सर, याच्यातला 'ळ' बघा तुम्ही."