त्यात आपलं काहीतरी हवं

आखातातल्या फर्निचरलाही व्हिसा असतो. सोफा घेतानाच तो पुढे कुणाच्या गळ्यात मारता येईल याचा अंदाज घेऊन लोक घेतात. नोकरी गेली, बदली झाली, मुलगी बारावी झाली की दुबिझल या खरेदी-विक्रीच्या साइटवर फोटो चढतात : ‘कुटुंब कायमचं परत जातंय, सगळं काढायचंय, किंमत बोलून ठरवू.’ संध्याकाळपर्यंत पिकअप खाली लागते. आज अल नाहदात पोळ्या खाल्लेलं टेबल उद्या अजमानमध्ये खुबूस खातं आणि वर्षभरात रास अल खैमात मासळी. अशा टेबलाला कुणी नाव-गाव विचारत नाही. नाव कोरलेलं असलं तर ते विकलंच जायचं नाही.

हे एवढं सोपं अर्थशास्त्र ज्याच्या डोक्यात शिरत नाही, असा एक गृहस्थ इथल्या मराठी गोतावळ्यात हमखास सापडतो. आमच्या वाट्याला आलेल्या नमुन्याला सगळे सुतारकाका म्हणतात.

काका पेशाने सुतार नाहीत. जबल अलीतल्या एका कंपनीत ते एसीच्या डक्टचं एस्टिमेट काढतात. मूळ गाव सावंतवाडी, त्यामुळे लाकूड आपल्या रक्तात आहे असं त्यांचं म्हणणं. चौकशी केल्यावर कळतं की चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी करणाऱ्यांच्या दुकानांवरून ते शाळेत जायचे. एवढ्यावर जर कला रक्तात उतरत असेल, तर तुरुंगावरून शाळेत जाणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न मी मनातच ठेवला आहे.

शारजात अल नाहदाला त्यांचा टू बीएचके. बाल्कनी हा त्यांचा कारखाना. रंधा, पटाश्या, वाकस, गुण्या, गावाहून आणलेलं आजोबांचं गिरमिट (हे कधी वापरत नाहीत, फक्त दाखवतात) आणि ड्रॅगन मार्टमधून आणलेली यंत्रं. ते मार्केट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किलोमीटरभराहून लांब आहे. काकू एकदाच त्यांच्याबरोबर गेल्या आणि पहिल्याच बाकावर बसून राहिल्या. बाल्कनीतून भुसा उडाला की खालच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, फोन करतं, नातूर वर येतो, काका त्याला चहा पाजतात आणि त्याचं नाव कोरलेली पाटी देतात. नातूरच्या खोलीत आता एकाच नावाच्या बऱ्याच पाट्या झाल्या आहेत. 2022 च्या जानेवारीत देशाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर गेली, तेव्हा मल्याळी कुटुंबाला वाटलं, शुक्रवारची सकाळ तरी शांत जाईल. ती गेलीही. करवत रविवारवर गेली.

उन्हाळ्याची बाजू काकू सांभाळतात. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. काकूंनी तो नियम बाल्कनीला लागू केला आहे. साडेबाराला त्या काचेचं दार लोटतात आणि म्हणतात, “अहो, मजूर आत या.”

तर काकांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं : “त्यात आपलं काहीतरी हवं.” आयकियाचं कपाट कुणीही जोडेल. पण त्या कपाटाच्या दाराला आतून पितळेची छोटी कोयरी बसवली, खाली तारीख घातली, घरच्यांची नावं कोरली, की ते आपलं झालं. आपलं झालं की मग कुणाचंच होत नाही, ही पुढची पायरी ते सांगत नाहीत.

त्यांचं बरंचसं लाकूड पॅलेटचं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माल उतरला की मोकळ्या पॅलेटांचे ढीग पडतात, आणि काका सुट्टीच्या सकाळी तिथे रत्नपारख्यासारखे फिरत असतात. या विषयात मात्र ते खरोखर जाणकार आहेत, हे कबूल केलं पाहिजे. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो : गव्हाचं कणीस, देशाची दोन अक्षरं आणि कीड मारायला काय केलं त्याची खूण. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता सलग 30 मिनिटं दिली. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची, विषारी वायूची धुरी. काका एमबीला हात लावत नाहीत. “एचटीचं काय,” ते म्हणतात, “आपल्याकडे ऑगस्टात गाडी उन्हात ठेवली तरी आतलं सगळं एचटी होतं.”

दुसरा कुणी हा शिक्का घासून काढेल. काका तो मुद्दाम दर्शनी ठेवतात. त्यांच्या देव्हाऱ्यात गणपती जर्मनीवर बसलाय आणि बाळकृष्ण चीनवर रांगतोय. आरतीला आलेल्या एका आजींनी निरांजनाच्या उजेडात ती अक्षरं पाहून “हा कुठला मंत्र?” असं विचारलं होतं. “पासपोर्टवरचा शिक्का कुणी पुसतं का आजी?” असं काकांचं उत्तर.

पोळपाटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगतो. नवीन लग्न होऊन आलेल्या एका जोडप्याला काकांनी सागवानी पोळपाट दिला. सागवान अजमानच्या गलबतं बांधणाऱ्यांकडचं. तिथे अजून नकाशाबिकाशा न काढता नजरेने लाकडी गलबत उभं करणारे कारागीर आहेत, आणि या किनाऱ्यावरच्या गलबतांचं सागवान पूर्वापार मलबारहून यायचं. हा सगळा इतिहास काका पोळपाटाबरोबर तोंडी देतात. पोळपाट सुबक होता, तीन पाय, एकही डगमगत नव्हता. पण ‘आपलं काहीतरी’ राहून कसं चालेल? म्हणून मधोमध कोरलं : ‘सप्रेम भेट’. कोरलेल्या खाचांत कणीक बसली आणि प्रत्येक पोळीवर ही अक्षरं उठून दिसू लागली, तीही उलटी. नवरा डब्यातली पोळी आरशात धरून वाचतो, अशी वदंता ऑफिसात पसरली. मुलीने अगदी संकोचत काकूंच्या कानावर घातलं. काकांनी पोळपाट परत मागवला, रंधा मारून तासला आणि पंधरवड्यात चूक सुधारून दिला : अक्षरं उलटी कोरली. आता पोळीवर ‘सप्रेम भेट’ सुलट वाचता येतं. मुलगी फूड प्रोसेसरच्या झाकणावर पोळ्या लाटते.

अक्षरांवरून काकांना छेडायचं असेल तर त्यांच्यासमोर लेझरचं नाव काढावं. दुकानात पेन ड्राइव्ह दिला की मशीन पाच मिनिटांत पाटी जाळून देतं, शिवाय बऱ्याचदा जोडाक्षराचा पाय तुटलेला असतो. काका हाताने कोरतात, आणि हाताने देवनागरी कोरणं हे इंग्रजीसारखं सरळसोट काम नाही. शिरोरेघ लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाते, त्यामुळे पटाशी एकदा सुटली की शेजारच्या अक्षरात जाऊन थांबते. उभा दांडा रेषांच्या आडवा, तिथे कडा फुटतात. आणि ‘ळ’! ‘ळ’च्या दोन वाट्यांतली लाकडाची चिमुकली बेटं शेवटच्या घावाला उडतातच. ज्यांच्या आडनावात ‘ळ’ आहे त्यांच्या पाट्या रखडतात. एका कुटुंबाची मुलगी पाटी मागितली तेव्हा सहावीत होती. ती इंजिनिअर होऊन परत आली तेव्हा पाटीवर ‘का’ झाला होता.

हवामानाने काकांशी उभा दावा मांडला आहे. बाहेर समुद्रकाठची दमट हवा, घरात चोवीस तास कोरडा एसी. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. बाल्कनीत घट्ट बसणारा खण हॉलमध्ये आला की खुळखुळतो, फळी महिन्याभरात चिरते. डक्टचं एस्टिमेट काढणाऱ्याच्या घरात एसीनेच फळ्या चिराव्यात, यावर काकू वर्षानुवर्षं एकच विनोद करतात आणि तो दर वेळी चांगला होतो. काका चिरेवर लाकडाचं फुलपाखरू ठोकतात. “नाकाशिमा हेच करायचा.”

नाकाशिमा हे त्यांचं दैवत. जॉर्ज नाकाशिमा, अमेरिकेतला जपानी वंशाचा मोठा सुतार. अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामासाठी तो 1930 च्या दशकात पाँडिचेरीला राहिला होता. चिरलेली फळी टाकून न देता तिला फुलपाखरी जोड द्यायचा, हे खरंच. पण त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव टेबलाच्या खालच्या अंगाला लिहीत. गुडघे टेकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असं. हा मुद्दा मी एकदा काकांपुढे मांडला. काका क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “बिचारा! लाजाळू असणार.”

खरा पेच निरोपसमारंभाचा. कुणी कायमचं परत निघालं की काका काहीतरी घडवतात, आणि ते वजनदार असतं. विमानात 30 किलो सामान. त्यात आयुष्यभराचा संसार, आईसाठी खजूर, आणि वर काकांचा चार किलोंचा भिंतीवरचा दिवा, ज्यावर घरातल्या पाचही जणांची नावं. नेता येत नाही, नावं आहेत म्हणून विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. विमानतळावर वजनकाट्यासमोर बॅग उघडून नवरा-बायको खजूर की दिवा, असा निर्णय करताना मी पाहिली आहेत. खजूर जिंकतो. दिवा सोडायला आलेल्या मित्राच्या गाडीत परत येतो, आणि मग त्या मित्राच्या भिंतीवर भलत्याच पाच जणांची नावं लागतात, कारण काका कधीही चहाला टपकू शकतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र वेगळं घडलं. दुबिझलवर एक जाहिरात दिसली : ‘सागवानी कॉफी टेबल, भरीव लाकूड, कडेने भारतीय नक्षी, 250 दिर्हाम.’ ती भारतीय नक्षी म्हणजे पुण्याला परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांची नावं, लग्नाची तारीख आणि ‘घर असावे’ एवढी सूचना. काकांनी फोटो पाहिला, मोठा केला, फुलपाखरू ओळखलं. “गाडी काढ,” मला म्हणाले.

टेबल अजमानमध्ये एका इजिप्शियन गृहस्थांकडे होतं. काकांनी त्यावर बोटं फिरवली, खालून पाहिलं, पाय हलवून बघितले आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाले, “कडेला लिहून खराब केलंय कुणीतरी. दीडशे.”

“खराब?” तो गृहस्थ उसळला. “हबीबी, हे हाताचं काम आहे. अशी नक्षी दुकानात मिळते का? माझी बायको रोज पुसते ती. कैरोला नेता येत नाही म्हणून काढतोय.”

“तासायला दोन दिवस जातील.”

“तासणार असाल तर विकतच नाही.”

काकांनी पुढे घासाघीस केली नाही. अडीचशे मोजून दिले, वर पन्नास ठेवले. तो गृहस्थ पन्नास परत देऊ लागला, काका घेईनात, शेवटी दोघांनी चहा घेतला आणि काका त्याच्या बायकोचं नाव अरबीत कसं लिहितात ते कागदावर काढून घेऊन उठले.

टेबल मागच्या सीटवर आडवं घालून आम्ही निघालो. शारजाच्या हद्दीवर गाड्या तुंबल्या होत्या. काका बराच वेळ तो कागद गुडघ्यावर धरून बसले होते.

“अरबी सोपी आहे रे,” ते म्हणाले. “शिरोरेघच नाही.” मग मागे वळून टेबलाची मोकळी कड बघत त्यांनी विचारलं, “तुझ्या आडनावात ‘ळ’ नाही ना?”